पंखा फिरत नाही, पण पंखा बरा आहे



जुलै उजाडला की एक तक्रार हमखास कानावर येते. "हायवेला गाडी मस्त चालते, पण सिग्नलला थांबलं की टेंपरेचरचा काटा चढायला लागतो." यात सांगणाऱ्याने अर्धं निदान स्वतःच करून टाकलेलं असतं, फक्त त्याला ते माहीत नसतं. साठ मैलांच्या वेगाने जाताना समोरचा वारा रेडिएटरमधून आपसूक घुसतो, पंखा असला काय नि नसला काय. गाडी थांबली की वारा थांबतो, आणि मग सगळी भिस्त पंख्यावर. म्हणून थांबल्यावर तापणारी आणि चालू लागल्यावर निवणारी गाडी दिसली की संशय आधी पंख्यावर घ्यायचा. हायवेला किंवा चढावरही काटा चढत असेल तर पंख्याच्या नादी लागू नका. तिथे थर्मोस्टॅट, वॉटर पंप, आतून चोंदलेला रेडिएटर अशी वेगळी मंडळी बसलेली असतात.

आमच्या लहानपणी पुण्याहून साताऱ्याला जाताना खंबाटकी घाटात बॉनेट उघडून, वाफा सोडत उभे असलेले ट्रक दिसायचे. क्लीनर पाण्याचा कॅन घेऊन वर चढलेला. त्या जुन्या गाड्यांत, आपल्या ॲम्बॅसॅडरमध्येसुद्धा, पंखा इंजिनच्या पट्ट्यावर फिरायचा. इंजिन फिरतंय म्हणजे पंखा फिरतोय, विषय संपला. पुढे पुढच्या चाकांना ताकद देणाऱ्या लहान गाड्या आल्या, इंजिन आडवं बसलं आणि त्याच्या पट्ट्याचं तोंड रेडिएटरकडे न राहता बाजूला गेलं. मग पंख्याला विजेची मोटर आली. मोटर आली म्हणजे तिला चालू करणारा कोणीतरी आला, आणि तिथून भानगड सुरू झाली.

आज तुमच्या-माझ्या दारातल्या बहुतेक गाड्यांत साखळी अशी असते. इंजिनवरचा सेन्सर कूलंटचं तापमान मोजतो. गाडीचा कॉम्प्युटर ते वाचतो आणि ठरलेल्या आकड्याला (गाडीगणिक साधारण ९५ ते १०५ अंश सेल्सियस, म्हणजे २०० ते २२० फॅरनहाइट) रिलेला हुकूम देतो. रिले बॅटरीचा जाड प्रवाह मोटरला जोडतो. मोटरमधून तो प्रवाह अर्थच्या वायरने गाडीच्या पत्र्यात आणि तिथून बॅटरीत परत जातो. पंखा फिरला नाही तर यातली कोणतीही कडी तुटलेली असू शकते. पण लोक पहिल्यांदा विकत काय आणतात? पंखा! कारण तो दिसतो आणि तो फिरत नसतो. आपल्या धंद्यात स्क्रीन कोरी दिसली म्हणून कोणी मॉनिटर बदलायला सांगितला तर आपण हसतो. गाडीच्या बाबतीत तेच आपण निमूट करतो.

तर बॉनेट उघडू. (हो, इथे त्याला हूड म्हणतात. मी बॉनेटच म्हणणार.)

सगळ्यात आधी, इंजिन पूर्ण गार असताना, कूलंट किती आहे ते बघा. हे सांगायला बावळट वाटतं, पण त्याला कारण आहे. सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला असेल तरच खरं तापमान सांगतो. पातळी खाली गेली आणि सेन्सरभोवती हवेचा बुडबुडा राहिला, तर इंजिन उकळत असूनही तो "सगळं ठीक" म्हणत बसतो आणि पंखा येत नाही. अशा गाडीत पंखा, रिले, कॉम्प्युटर सगळे निर्दोष असतात. गळतं कुठे ते शोधायचं असतं. आणि गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, म्हणजे नाहीच. निम्मं कूलंट निम्मं पाणी हे मिश्रण उघड्यावर १०६-१०७ अंशांना उकळतं, पण १५ पीएसआयच्या झाकणाखाली तेच सुमारे १२९ अंशांपर्यंत द्रव राहतं. झाकण काढलंत की दाब एका क्षणात जातो आणि ते सगळं एकदम उकळून तोंडावर येतं. फडकं धरून हळूच उघडतो म्हणणारे शूर वीर मी पाहिले आहेत. तसलं काही करू नका.

दुसरं, डॅशबोर्डवरच्या काट्यावर फार विसंबू नका. बऱ्याच गाड्यांत तो मुद्दाम आळशी केलेला असतो. खरं तापमान बऱ्यापैकी वरखाली झालं तरी काटा मधोमध ढिम्म, म्हणजे मालक उगाच घाबरून सर्व्हिस सेंटरला येत नाही. अमेरिकेत १९९६ पासूनच्या जवळजवळ प्रत्येक मोटारीत स्टिअरिंगखाली ओबीडी-२ चं सॉकेट असतं. त्यात बसणारा पंधरा-वीस डॉलरचा ब्लूटूथ डोंगल घ्या आणि फोनवर खरा आकडा बघा. आपल्या मंडळींना आवडेल असा तपशील म्हणजे कूलंटचं तापमान एकाच बाइटमध्ये येतं आणि त्यातून ४० वजा केले की अंश सेल्सियस मिळतात. वजा ४० पासून २१५ पर्यंत, मोटारीला तेवढं पुष्कळ.

तिसरं, इंजिन चालू करून एसी लावा. बहुतेक गाड्यांत एसीचा काँप्रेसर चालू झाला की कॉम्प्युटर तापमानाची वाट न बघता पंखा लावतो. एसीने पंखा आला, पण एसी बंद असताना तापूनही आला नाही, तर मोटर, वायर, फ्यूज निर्दोष ठरले. आता सेन्सर आणि तापमानाच्या बाजूला बघायचं. फुकटातली ही चाचणी आहे आणि निम्मी साखळी एका झटक्यात मोकळी करते. सेन्सरवर संशय असेल तर त्याचा प्लग काढून बघा. बऱ्याच कॉम्प्युटरांना सेन्सर दिसेनासा झाला की ते घाबरून पंखा सुरूच ठेवतात. मल्टीमीटर असेल तर सेन्सरचा रेझिस्टन्स मोजा. गार असताना, २० अंशांच्या आसपास, तो साधारण दोन-तीन किलोओहम असतो आणि ८० अंशांना तीनशेच्या आसपास उतरतो. तापलं की कमी, उलटा हिशोब.

एसी लावूनही पंखा ढिम्म, तर मग रिलेपाशी जायचं. रिले म्हणजे साखळीचा मध्य. कोडमधला बग शोधताना आपण मधोमध ब्रेकपॉइंट टाकतो आणि चूक त्याच्या आधी आहे की नंतर ते ठरवतो ना, तसंच. फ्यूज बघा (पंख्याचा फ्यूज मोठा असतो, ३० किंवा ४० अँपिअरचा), मग शेजारचा त्याच नंबरचा रिले काढून इथे लावून बघा. तरी नाही फिरला, तर रिले काढून टाका आणि त्याच्या सॉकेटमधली ३० आणि ८७ नंबरची घरं एका जाड, फ्यूज लावलेल्या वायरने जोडा. ३० म्हणजे बॅटरीकडून आलेला प्रवाह, ८७ म्हणजे मोटरकडे जाणारा. काही जपानी गाड्यांत नंबर वेगळे असतात आणि काहींत दोन पंखे तीन रिलेंवर कधी सिरीज तर कधी पॅरलल चालतात, तेव्हा वायरिंगचा नकाशा समोर हवा. तो विकत घ्यायची गरज नाही. इथल्या अनेक सार्वजनिक ग्रंथालयांच्या कार्डावर चिल्टनची रिपेअर मॅन्युअल्स ऑनलाइन फुकट वाचायला मिळतात. जोडल्यावर पंखा फिरला तर दोष रिलेच्या आधी, नाही फिरला तर नंतर. आणि हे करताना टाय, ओढणी, ढगळ बाह्या, लांब केस पंख्यापासून लांब. काही गाड्यांचा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक सुरू होतो.

आता एक खरी केस सांगतो, कारण खरी गंमत रिलेच्या नंतरच आहे.

२०२४ च्या जुलैमध्ये आमच्या टीममधल्या सांगलीच्या एका मुलाचा फोन आला. "दादा, गाडी तापतेय. गॅरेजवाला म्हणतोय पूर्ण फॅन असेंब्ली बदलायला लागेल, अकराशे पन्नास डॉलर." २००८ ची सेडान, एक लाख चाळीस हजार मैल झालेली. इथे येऊन त्याला जेमतेम वर्ष झालं होतं, गाडीच साडेचार हजाराला घेतलेली. एरवी आठवडाभर थांबला असता, पण शनिवारी त्याचे आई-बाबा पहिल्यांदा येणार होते. न्यूअर्क एअरपोर्ट, दुपारची फ्लाइट, बाहेर पस्तीस अंश. आता पिकअपच्या रांगेत इंजिन चालू ठेवून अर्धा तास मुंगीच्या पावलाने सरकणं, म्हणजे पंखा नसलेल्या गाडीचा शब्दशः काळ. "उबर करतो दादा," म्हणाला, "पण बाबांना सांगून बसलोय, माझ्या गाडीतून नेतो म्हणून." यावर काय बोलणार? गुरुवारी ऑफिसनंतर ये म्हटलं, माझ्या ड्राइव्ह-वेवर. त्याच्या अपार्टमेंटच्या लीजमध्ये पार्किंगात गाडी दुरुस्त करायला मनाई होती, तशी बऱ्याच ठिकाणी असते.

कूलंट पुरेसं होतं. डोंगलवर आकडा ९८, १०१, १०४, पंखा गप्प. एसी लावला तर शेजारचा एसीचा पंखा भुर्रकन सुरू झाला, रेडिएटरचा नाही. १०७ ला इंजिन बंद केलं. कोड एकही नाही. फ्यूज ठीक, रिले बदलून पाहिला, फरक नाही. ३० आणि ८७ जोडले, नाही. म्हणजे दोष रिलेच्या पुढे: वायर, प्लग, मोटर किंवा अर्थ. जोडणी तशीच ठेवून मोटरचा प्लग काढला आणि त्याच्या दोन टोकांत मल्टीमीटर लावला. १२.३ व्होल्ट! पोरगा म्हणाला, "वीज येतेय, म्हणजे मोटरच गेली. गॅरेजवाला बरोबर होता."

बरोबर वाटतं खरं. पण मल्टीमीटरचा आतला रेझिस्टन्स सुमारे एक कोटी ओहम असतो. तो वायरीतून जवळपास काहीच प्रवाह ओढत नाही. दहा तारांची वायर कुजून एकच केसाएवढी तार उरली असली तरी मीटर १२ व्होल्टच दाखवणार. पंख्याला मात्र दहा-पंधरा अँपिअर लागतात, ते त्या केसातून जाणार कसे? सर्व्हरला पिंग केलं तर झटकन उत्तर येतं आणि खरा लोड टाकला की सर्व्हर झोपतो, तसला हा प्रकार आहे. मोजायचं तर लोड टाकून मोजायचं.

माझ्या खोक्यात हेडलाइटचा एक जुना ५५ वॉटचा बल्ब दोन वायरी लावून ठेवलेला आहे. इतकं उपयोगी आणि इतकं फुकट अवजार दुसरं नाही. तो प्लगला जोडला. चांगली वायर असती तर डोळे दिपले असते. इथे तार निखाऱ्यासारखी लालसर झाली, बस. बल्बच्या दोन टोकांत मोजलं तर दीड व्होल्ट. बाकीचे पावणेअकरा-अकरा गेले कुठे? बल्ब तसाच पेटता ठेवून मीटरचं एक टोक बॅटरीच्या प्लसला, दुसरं बल्बच्या प्लस बाजूला: ०.३ व्होल्ट. म्हणजे येणारा रस्ता साफ. मग बॅटरीचं मायनस आणि बल्बची मायनस बाजू: साडेदहा व्होल्ट. सापडला चोर. परतीच्या रस्त्यात, अर्थमध्ये.

वायर धरून मागे गेलो. हेडलाइटच्या मागे, रेडिएटरच्या पट्टीवर एका बोल्टखाली तिची गोल चकती दाबलेली होती. बाहेरून बोल्ट घट्ट, शहाण्यासारखा बसलेला. सोडवला तर खाली हिरवट-पांढरी पावडर. न्यू जर्सीत हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, ते चाकांनी उडून असल्या सांध्यांत जाऊन बसतं आणि पत्रा नि तांबं दोन्ही खातं. सोळा हिवाळ्यांचं मीठ होतं ते. एसीच्या पंख्याचा अर्थ दुसऱ्या बोल्टला होता, म्हणून तो भुर्रकन फिरत होता. पॉलिश पेपरने चकती आणि पत्रा चकचकीत होईपर्यंत घासले, दातेरी वॉशर घालून बोल्ट परत आवळला, वरून गंज धरू नये म्हणून ग्रीस फासलं. बल्ब लावला, लख्ख पेटला. प्लग मोटरला जोडला आणि पंखा असा सुटला की बॉनेटवर ठेवलेला पॉलिश पेपर लॉनवर. पंखा फिरत असताना अर्थ पुन्हा मोजला, ०.१ व्होल्ट. दशांश दोनपर्यंत मी चालवून घेतो, त्यापुढे नाही. मग वायरचा जोड काढून रिले जागेवर बसवला, एसी बंद करून इंजिन तापू दिलं. डोंगलवर आकडा चढत गेला, पंखा आपण होऊन आला, आकडा उतरला, पंखा गेला. असं तीनदा होईपर्यंत आम्ही चहा घेत तिथेच उभे होतो.

कोड का आला नव्हता, असा प्रश्न त्याने विचारला आणि तो रास्त आहे. पी०४८० हा पंख्याचा कोड प्रसिद्ध आहे, पण अशा जुन्या गाड्यांत कॉम्प्युटर फक्त रिलेच्या कॉइलपर्यंतच बघतो. हुकूम रिलेपर्यंत पोचला का, एवढंच त्याला कळतं. पुढे पंखा फिरला की नाही, याची त्याला गंधवार्ता नसते. तेव्हा कोड नाही म्हणजे दोष नाही, असं समजू नका.

गॅरेजवाला चोर होता का? मला तसं वाटत नाही. त्याच्या एका तासाची किंमत त्याने लावलेली असते. बोल्ट घासून दिला आणि महिन्याने दुसराच सांधा गेला, तर गिऱ्हाईक त्याच्याच नावाने खडे फोडणार. नवीन असेंब्ली बसवली की वॉरंटी देता येते. शिवाय मोटर बदलताना त्याने कदाचित अर्थही बघितला असता. पण "कदाचित"साठी अकराशे पन्नास डॉलर मोजायची त्या पोराची ऐपत नव्हती, आणि बदलूनही पंखा फिरला नसता तर मग कॉम्प्युटरची बोली लागली असती. एस्टिमेट हातात पडलं की एकच प्रश्न शांतपणे विचारा: "मोटरच्या प्लगला लोड टाकून मोजलंत का?" नीट उत्तर देणाऱ्याकडे बिनधास्त काम द्या.

मोटर खरोखर जातेही, हे सांगायला हवं. आतले कार्बनचे ब्रश झिजतात. प्रवाह व्यवस्थित पोचतोय, बल्ब लख्ख पेटतोय आणि तरी पंखा हलत नाही, अशा वेळी मोटरच्या पाठीवर काठीने हलकेच टकटक करा. तेवढ्याने फिरायला लागला तर ब्रश संपले. दोन दिवस ढकलता येईल, पण मोटर मागवा. पाने-बिने नसतील तर ऑटोझोन किंवा ओरायलीसारख्या दुकानांत बरीच खास अवजारं अनामत ठेवून उसनी मिळतात, परत केली की पैसे परत.

अलीकडच्या बऱ्याच गाड्यांत पंख्याचा वेग कॉम्प्युटर पल्स पाठवून कमीजास्त करतो, मोटरच्या अंगावरच एक कंट्रोल मॉड्यूल असतं. तिथे ३०-८७ चा खेळ चालत नाही, आणि सिग्नलच्या बारीक वायरवर १२ व्होल्ट घालाल तर महागात पडेल. अर्थ आणि मुख्य प्रवाह लोड टाकून तपासणं मात्र तिथेही तसंच. बॅटरीच्या गाड्या घेतलेल्यांनी हसू नये, त्यांच्या नाकामागेही रेडिएटर आणि पंखा असतोच.

आणि रस्त्यातच तापली तर? एसी बंद करा, हीटर पूर्ण गरम करून ब्लोअर जोरात लावा, खिडक्या उघडा. हीटर हा एक छोटा रेडिएटरच असतो. बायको-मुलं शिव्या घालतील, घालू द्यात. याला एकच अपवाद: तुमच्या गाडीत एसी लावला की रेडिएटरचा पंखा फिरतो हे आधी तपासलेलं असेल, तर एसी मंद चालू ठेवूनच घर गाठा, कारण तो तुमचा पंख्याचा स्विच आहे. तरीही काटा लालकडे गेला तर बाजूला घेऊन इंजिन बंद करायचं. आणखी दोन मैल रेटले की ॲल्युमिनियमचं हेड वाकतं, हेड गॅस्केट उडतं, आणि मग जुन्या गाडीला ती दुरुस्ती गाडीच्या किमतीएवढी पडते.

कूलंट सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुऊन टाका. त्यातलं इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि जालीम विषारी असतं, शेजाऱ्याचं कुत्रं किंवा आपलं रांगणारं पोर ते चाटू शकतं. वापरलेलं कूलंट पावसाच्या गटारात ओतायचं नाही. घट्ट झाकणाच्या डब्यात भरा, डब्यावर नाव लिहा, आणि काउंटीच्या घातक कचरा जमा करण्याच्या दिवशी नेऊन द्या. आमच्याकडे तो बहुधा शनिवारी सकाळी असतो. रांग लांब असते, इंजिन बंद करून उभे राहा.